बॉडी-चासीची बोल्ट-आवळणी

वाहनाची चॅसिस (बोलीत चासी), तिच्यावर बसणारी बॉडी आणि या दोन्हींना धरून ठेवणारे ब्रॅकेट, पाटे (लीफ स्प्रिंग), रबरी गाद्या यांचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळण्याचे काम. पान्याच्या टोकाला लावलेला जोर आणि हातापासून बोल्टच्या मध्यापर्यंतचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. जुन्या गाड्यांच्या पुस्तकांत किलोग्रॅम-मीटर असते. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर. बोलेरो, ट्रॅक्स क्रूझर, ट्रक, टेम्पो यांत बॉडी वेगळी आणि चासी वेगळी, म्हणून हे काम तिथे जास्त. एकसंध बॉडीच्या मोटारीतही इंजिन व सस्पेन्शन धरणारी खालची चौकट, दारे, सीट आणि सीट बेल्ट बोल्टांवरच असतात.

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात या कामाला एक खास कड आहे. इथली गाडी कारखान्याच्या हंगामात ऊस ओढते, पावसाळ्यात चोर्ला किंवा अनमोड घाटाने गोव्याला भाजी नेते, आणि मधल्या दिवसांत पुणे-बंगळूर महामार्गावर तवंदी आणि वंटमुरीचे घाट चढते. भार, पाणी आणि हादरे या तिन्हींचा मारा एकाच चासीवर होतो.

घट्ट म्हणजे किती

बोल्ट आवळणे म्हणजे तो फिरवणे नव्हे, ताणणे. नट फिरतो तसा बोल्ट लांबतो, आणि लांबलेला बोल्ट स्प्रिंगसारखा आखडायला बघतो म्हणून दोन पत्रे एकमेकांवर दाबून राहतात. जोड टिकतो तो या दाबावर. १२ मिलिमीटरचा, ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे बोल्टच्या पोलादाची ताकद) बोल्ट कोरड्या, स्वच्छ आट्यांवर ८५ न्यूटन-मीटरला आवळला तर त्यात सुमारे ३५ किलोन्यूटन, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त ताण येतो. पकडलेली जाडी ५० मिलिमीटर असेल तर बोल्ट लांबतो जेमतेम ०.१ मिलिमीटर. केसाच्या जाडीएवढ्या या लांबीवर अख्खी बॉडी उभी असते.

ही लांबी गॅरेजात मोजता येत नाही, म्हणून टॉर्क मोजायचा. पण टॉर्क हा ताणाचा थेट हिशेब नाही, अंदाज आहे. पान्याला लावलेल्या जोरातला साधारण निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि ताणायला उरतो तो दहावा हिस्सा. घर्षण थोडे बदलले की हा दहावा हिस्सा खूप बदलतो. चांगला टॉर्क पाना, सावध हात, तरीही प्रत्यक्ष ताणात २५ ते ३० टक्के फरक पडू शकतो. पुस्तकातला आकडा पाळला म्हणजे काम बिनचूक झाले, असे समजणारा मेस्त्री आणि आकडाच न बघणारा मेस्त्री यांच्यात म्हणूनच वाटते तेवढे अंतर नाही. आटे पुसणारा मेस्त्री मात्र दोघांच्याही पुढे असतो.

८५ न्यूटन-मीटरसाठी ३० सेंटिमीटरच्या पान्यावर सुमारे २९ किलोचा जोर लागतो. कोणताही जवान पोरगा तो सहज लावतो. अडचण होते पान्याच्या मागे पाइप घातला की. एक मीटरच्या पाइपावर तोच जोर २८० न्यूटन-मीटरच्या वर जातो, आणि वर सांगितलेला १२ मिलिमीटरचा बोल्ट साधारण १३० ला कायमचा ताणला जायला लागतो. अशा बोल्टचा स्प्रिंगपणा गेलेला असतो. तो हाताला घट्ट लागतो, आणि आठ-पंधरा दिवसांत ढिला होतो किंवा डोके तुटून पडतो. पाइप सोडवायला ठीक आहे, आवळायला नाही.

सीमाभागातल्या गॅरेजात मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात नांदतात, आणि या कामात त्यातून एक गंमत होते. कन्नडमध्ये ‘बिगि’ म्हणजे घट्ट. मराठीत ‘बिगीबिगी’ म्हणजे लवकर. मेस्त्रीने ‘बिगि माडु’ म्हटले आणि खेड्यातून नुकत्याच आलेल्या मराठी पोऱ्याने हात भराभर चालवला, तर चूक कोणाचीच म्हणता येणार नाही. बोल्टाला मात्र या दोन अर्थांतला फरक चांगलाच कळतो.

बोल्ट कोणता

बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाचल्याशिवाय टॉर्क ठरवता येत नाही. ८.८ मधला पहिला आकडा सांगतो की पोलाद चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत तुटत नाही. दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४० पर्यंत, ते मूळ लांबीवर परत येते. १०.९ मध्ये हे आकडे १००० आणि ९००. भारतात ही वर्गवारी आयएस १३६७ या मानकात आहे. ८.८ ग्रेडच्या कोरड्या बोल्टसाठी ढोबळ मान असे : ८ मिलिमीटरला २५ न्यूटन-मीटर, १० ला ५०, १२ ला ८५, १६ ला २१०. १०.९ ला याच्या सुमारे १.४ पट. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा, कारण कंपनीने आपल्या बोल्टचा लेप आणि जोडाचा प्रकार धरून तो ठरवलेला असतो.

डोक्यावर काहीच नसलेला, किलोवर विकला जाणारा बोल्ट बहुधा ४.६ च्या तोडीचा नरम पोलादाचा असतो. तो ट्रॉलीच्या फाळक्याला चालतो. तोच १२ मिलिमीटरचा बोल्ट बॉडीखाली घालून ८५ न्यूटन-मीटरला आवळला तर त्यातला ताण चौरस मिलिमीटरला ४२० न्यूटनच्या आसपास जातो, आणि ४.६ चे पोलाद ४०० लाच तुटते. म्हणजे टॉर्क पाना वापरूनही बोल्ट तुटतो, आणि दोष पान्यावर येतो.

लोहारकामातून आलेला ‘सूत’ अजून बाजारात आहे. एका इंचाचे आठ सूत. चार सुती बोल्ट म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. तो बारा मिलिमीटरच्या जागी ‘थोडा जाड आहे, बसेल’ म्हणून पिळला जातो आणि आटे खातो. सीट बेल्टच्या बाबतीत गोष्ट उलटी होते. बहुतेक गाड्यांत, अगदी पूर्ण मेट्रिक गाडीतही, बेल्टचा बोल्ट ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचा असतो. अपघाताची गाडी रंगवून जोडताना तो हरवला तर मेट्रिक बोल्ट घालून चालत नाही. त्याच मापाचा, त्याच ग्रेडचा शोधावा लागतो.

पान्याच्या नंबरावरूनही बोल्ट ओळखू नये. महिंद्रा-टाटाच्या जुन्या गाड्यांत सतराचा पाना बहुधा १० मिलिमीटरच्या बोल्टला लागतो, तर जपानी पद्धतीच्या मारुती-टोयोटात तोच सतराचा पाना १२ मिलिमीटरच्या बोल्टला. एकाचा टॉर्क ५० च्या घरात, दुसऱ्याचा ८५ च्या.

रबर, लाकूड आणि रंग

बॉडी आणि चासी यांच्यामध्ये रबरी गाद्या असतात, आणि प्रत्येक गादीच्या पोटात पोलादी नळी असते. बोल्ट आवळला की वॉशर या नळीवर टेकतो, रबर ठरावीक दबते, आणि टॉर्क नळीवर येतो. गाद्या बदलताना गंजलेली नळी फेकून नुसते रबर बसवले तर बोल्टला टेकायला काही उरत नाही. मग कितीही आवळा, रबर फुगत राहते आणि टॉर्क कधी येतच नाही. अशा गाडीची दारे महिन्याभरात चौकटीला घासायला लागतात.

पाट्यांच्या शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या कड्या) आणि सस्पेन्शनच्या दांड्यांतले रबरी बुश (बोल्टभोवतीच्या रबरी नळ्या) याहून हट्टी. त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळले तर रबर त्याच स्थितीत जखडते. गाडी चाकांवर उतरली की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बोल्ट आधी हातानेच हलके लावायचे, गाडी खाली सोडायची, दोनदा दाबून हलवायची, आणि मगच टॉर्क द्यायचा. खड्डा नसलेल्या गॅरेजात यासाठी चिखलात पाठीवर सरपटत गाडीखाली जावे लागते, म्हणून हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो.

ट्रकच्या बॉडीखाली चासीवर लाकडी पट्टी असते. पावसाळ्यात लाकूड फुगते, मार्च-एप्रिलच्या उन्हात आकसते, आणि बॉडी चासीला बांधणारे यू-बोल्ट (इंग्रजी ‘यू’च्या आकाराचे बोल्ट) आपोआप सैल पडतात. चासीच्या चॅनलला (इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या लांब तुळईला) यू-बोल्ट लावताना चॅनलच्या पोटात ठोकळा घालावा लागतो, नाहीतर आवळताना चॅनलचे ओठ आत वळतात. या ओठांना भोक पाडायला वाहन कंपन्या मनाई करतात. भार आला की तडा तिथूनच सुरू होतो.

रंग ही न दिसणारी गादी आहे. जोडाच्या दोन्ही पृष्ठभागांवर जाड रंग असेल तर तो काही दिवसांत दबतो, आणि बोल्टची ती ०.१ मिलिमीटर लांबी त्यातच विरून जाते. जोडाची जागा रंगापासून वाचवावी, किंवा काही दिवस गाडी चालवून पुन्हा टॉर्क बघावा.

पाट्यांचे यू-बोल्ट

ऊसपट्ट्यात सगळ्यात जास्त नुकसान याच बोल्टांमुळे होते. यू-बोल्ट पाट्यांचा जुडगा अॅक्सलवर दाबून धरतो. पाटे सरकू नयेत ते या दाबामुळे; मधला सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवायला असतो. यू-बोल्ट ढिला झाला की सगळा भार सेंटर बोल्टवर येतो, तो कापला जातो, अॅक्सल मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालायला लागते. पाटा तुटतो तोही बहुधा मधल्या भोकापाशी. आवळायचा क्रम समोरासमोरचे कोपरे धरून, तीन-चार टप्प्यांत, आणि भार चाकांवर असताना. नव्या पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या भारी खेपांनंतर बसतात, म्हणून फडातून पहिल्या काही खेपा झाल्या की पुन्हा टॉर्क द्यावा लागतो. एकदा पूर्ण टॉर्कला आवळून काढलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये. त्याच्या आट्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

माती, पाऊस, जळके ऑईल

खानापूर तालुक्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, पाऊस प्रचंड आणि माती तांबडी. पावसाआधी चासीखाली डिझेल आणि इंजिनातले जळके ऑईल फवारायची रीत आहे. पत्र्याला ते थोडेफार वाचवते. पण तेलकट आट्यांवर घर्षण कमी होते, आणि तोच ८५ न्यूटन-मीटर टॉर्क ३५ ऐवजी ५४ किलोन्यूटनपर्यंत ताण आणू शकतो. ८.८ चा १२ मिलिमीटरचा बोल्ट तिथेच कायमचा ताणला जातो. गंजलेल्या आट्यांवर नेमके उलटे होते : पाना ‘टक्’ म्हणतो, म्हणजे ठरलेला टॉर्क आल्याची खूण देतो, आणि बोल्टात ताण जवळजवळ नसतोच. म्हणून आधी ब्रश, मग कापड, मग पाना. पुस्तकात तेल लावून टॉर्क द्यायला सांगितले असेल तेव्हाच तेल.

बोल्ट ढिला झाल्याची सगळ्यात जुनी खूण म्हणजे नटाभोवती झिरपलेली लाल भुकटी. घासणाऱ्या पत्र्यांचा तो गंज. खानापूरच्या गाडीत ही खूण फसवी असते, कारण माती त्याच रंगाची. तपासणी धुतल्यानंतरच करावी, आणि धुतल्यावर दोन दिवस गाडी चालवून पुन्हा बघावे. मातीचा रंग रस्त्यावर अवलंबून असतो; गंजाची भुकटी कोरड्या डांबरी रस्त्यावरही परत येते.

स्प्रिंग वॉशरवर इथे फार विश्वास आहे. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर याने १९६९ मध्ये दाखवले की बोल्ट सुटतो तो मुख्यतः जोड आडवा सरकल्यामुळे, आणि पुरेसा ताण असेल तर जोड सरकतच नाही. अशा चाचण्यांत स्प्रिंग वॉशर बोल्ट सुटणे थांबवत नाही. जिथे ताण पुरेसा राखता येत नाही तिथे नायलॉनच्या कड्याचा नट किंवा आट्यांवरचा चिकट द्राव बरा. नायलॉनच्या नटाला फिरायलाच जो टॉर्क लागतो तो पुस्तकातल्या आकड्यात मिळवावा लागतो.

पाना

टॉर्क पाने तीन प्रकारचे दिसतात : काट्याचा, टक् आवाजाचा आणि आकडे दाखवणारा. गॅरेजात टक् आवाजाचा जास्त चालतो. आयएसओ ६७८९ प्रमाणे तो १२ महिन्यांनी किंवा ५००० वेळा वापरल्यावर, यातले जे आधी येईल तेव्हा, तपासून घ्यायचा. त्याने बोल्ट सोडवायचा नाही, आणि काम झाल्यावर खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, कारण आत स्प्रिंग आहे. हवेची गन नट वेगाने आणायला चांगली, शेवटचा टॉर्क द्यायला नाही. बेळगावजवळच्या उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत मायक्रॉनच्या हिशेबात सुटे भाग घडतात, आणि तिथून थोड्या अंतरावर रस्त्याकडेच्या गाळ्यात चासीचा बोल्ट ‘हाताच्या अंदाजाने’ आवळला जातो. याचे कारण अज्ञान नाही. टॉर्क पाना महाग आहे, तो उसना दिला की परत येत नाही, आणि त्याची तपासणी करून आणायला गॅरेजला एक दिवस खाडा पडतो.

टॉर्क दिल्यावर बोल्टचे डोके आणि खालचा पत्रा यांवरून पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढतात. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट नुसता पुन्हा आवळून भागत नाही. काढून आटे बघायचे, लांबी नव्या बोल्टशी ताडायची, आणि शेजारचे दोन बोल्टही तपासायचे, कारण एक सैल झाला असेल तर त्याचा भार इतके दिवस त्या दोघांनीच उचललेला असतो.