दुःखाचं समर्थन नको, निवारण हवं

न्यूयॉर्कमधला हिवाळा. आजारपणात नोकरी गेलेला एक कारकून काम शोधत बर्फातून शहरभर वणवण करत होता. बर्फ उपसायचं काम मिळालं, पण अंगात त्राण नसल्यामुळे तासाभरातच सोडावं लागलं. रात्री घरी आला तर बायको आणि सहा मुलं उपाशी, आणि भाडं थकल्यामुळे दारावर घर खाली करण्याची नोटीस. सकाळी त्यानं कार्बोलिक ॲसिड पिऊन जीव दिला.

ही बातमी मॉरिसन स्विफ्ट या अराजकवादी लेखकानं आपल्या लेखनात उद्धृत केली होती. १९०६च्या अखेरीस बॉस्टनमध्ये फलप्रामाण्यवादावरच्या (प्रॅग्मॅटिझम, म्हणजे कल्पना तिच्या परिणामांवरून पारखणारा विचार) पहिल्याच व्याख्यानात अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी ती श्रोत्यांना ऐकवली. रोख चिद्वाद्यांवर होता, म्हणजे विश्वाच्या मुळाशी चैतन्य मानून जगातल्या दुःखाचंही समर्थन करणाऱ्या तत्त्वज्ञांवर. जर्मन तत्त्वज्ञ लाइब्नित्सनं १७१० सालीच हे जग शक्य असलेल्या सगळ्या जगांपैकी सर्वोत्तम ठरवलं होतं. जेम्स यांच्या काळातले चिद्वादी ब्रॅडली आणि रॉइस यांच्या मते जगातली विसंगती परमतत्त्वाच्या, म्हणजे सगळं व्यापणाऱ्या अंतिम सत्याच्या, पूर्णत्वात सामावून जाते. यातले रॉइस तर जेम्स यांचे हार्वर्डमधले सहकारी आणि घराशेजारी. मतभेद टोकाचे, स्नेह मात्र टिकला.

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी १८७८ साली एक कसोटी मांडली होती: कल्पनेचा अर्थ तिच्या व्यवहारातल्या परिणामांत शोधावा. जेम्स यांनी ती इथे लावली. जग आधीच पूर्ण असेल, तर माणसाला काळजीतून थोडी सुट्टी मिळते, हे त्यांना मान्य होतं. पण त्या कारकुनाच्या पोरांना काय मिळतं? म्हणून त्यांनी जग तरून जाण्याची खात्री दिली नाही आणि ते बुडणारच असंही म्हटलं नाही. ते आपल्या हातभारावर अवलंबून ठेवलं. हे नुसतं पांडित्य नव्हतं. ऐन तारुण्यात ते स्वतः खोल नैराश्यातून गेले होते. ३० एप्रिल १८७० च्या डायरीत त्यांनी लिहिलं, की माझी पहिली स्वतंत्र कृती म्हणजे इच्छास्वातंत्र्यावर विश्वास ठेवणं.

पुढे याच विचाराचे तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी जगात दुःख का, या प्रश्नातून देवाला जवळजवळ बाजूलाच काढलं. १९१९ साली टोकियोत दिलेल्या व्याख्यानांत ते म्हणाले, की अनिष्टाची समस्या, म्हणजे जगात दुःख आणि वाईट का आहे हा प्रश्न, आता ईश्वरशास्त्राची उरलेली नाही. आयुष्यातली अनिष्टं कमी करणं, जमेल तितकी दूर करणं, हाच तिचा व्यवहारातला अर्थ.

कोलंबिया विद्यापीठात ड्यूईंच्या वर्गात बसलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये त्यांना गुरू म्हणून त्यांचं ऋण मान्य केलं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये दुःखाचं अस्तित्व मान्य करणं आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखवणं हाच धम्माचा पाया असल्याचं ते सांगतात, तेव्हा मला तिथे बुद्धाबरोबर ड्यूईंचाही आवाज ऐकू येतो.