भज्याच्या पिठापासून पांकोच्या चुऱ्यापर्यंत: तळलेल्या पिकलची पार्श्वभूमी

एअर फ्रायरमध्ये केलेल्या कुरकुरीत पिकल चिप्सना बहुतेक पाककृतींत ‘तळलेल्या पिकलचा कमी तेलातला प्रकार’ म्हणून पुढे केलं जातं. मला हे वर्णन अपुरं वाटतं. तेल कमी झालं हे खरंच, पण यंत्र बदललं तसं पदार्थाचं आवरणही बदललं, आणि या पदार्थाचा अर्धा जीव आवरणात आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत जे तळलेलं पिकल मिळतं त्यावर बहुतेकदा भज्यासारखं सरबरीत पीठ असतं. एअर फ्रायरमधल्या पिकलवर ब्रेडचा चुरा असतो. हा बदल कुणाच्या हौसेखातर झालेला नाही. तो पाण्यामुळे झाला आहे.

आधी पिकल म्हणजे काय ते पाहू. मोहरीची डाळ, तिखट आणि तेलाची फोडणी घातलेलं लोणचं इथे बाजूला ठेवायचं. अमेरिकेत नुसतं पिकल म्हटलं की खारवलेली काकडी. तिच्यात घालतात तो डिल म्हणजे शेपूच, फक्त आपण भाजीला घेतो त्या पानांपेक्षा तिथे फुलोरा आणि बिया जास्त वापरतात. काकडी मुळात आपल्याकडची. तिची कडू रानटी भावंडं हिमालयाच्या पायथ्याशी आजही उगवतात, आणि भारतात तिची लागवड साधारण 3,000 वर्षांपासून होते आहे. इथून ती पश्चिमेकडे गेली. 1494 मध्ये कोलंबसाबरोबर हैतीत पोहोचली. 17व्या शतकात आजच्या न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला डच शेतकरी काकड्या पिकवत होते आणि त्या पिंपांत खारवून विकल्या जात होत्या. पण आज आपण ज्याला डिल पिकल म्हणतो ती चव रुजवली पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी. 19व्या शतकाच्या अखेरीस ही कुटुंबं मोठ्या संख्येनं न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात उतरली, आणि एसेक्स स्ट्रीटच्या आसपास पिकलवाल्यांच्या पिंपांची रांग लागली. मीठ, पाणी, लसूण, शेपू, काकडी. व्हिनेगर नाही. आंबटपणा सगळा लॅक्टिक जिवाणूंचा, म्हणजे ज्या कुळातले जिवाणू आपलं दही लावतात त्यांचाच.

ही काकडी तळायची तर दोन गोष्टी हव्यात: ती वर्षभर, गावोगाव, सारख्या आकारात मिळायला हवी आणि गरम झाल्यावरही तिचा कचकचीतपणा टिकायला हवा. दोन्ही गोष्टी कारखान्यानं दिल्या. त्या कारखान्यांचं काम मला फार देखणं वाटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. काकड्या मोठमोठ्या लाकडी टाक्यांत मिठाच्या पाण्यात मुरत, आणि या टाक्या मुद्दाम उघड्यावर, बिनझाकणाच्या ठेवत. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे पाण्याच्या पृष्ठभागावर यीस्टची आणि बुरशीची साय धरत नसे. अडचण वेगळीच यायची. आंबताना तयार होणारा कार्बन डायऑक्साइड काकडीच्या आत अडकला की ती पोकळ व्हायची, फुगायची, आणि तिच्या चकत्या पडल्या की मधोमध भोक दिसायचं. 1970च्या दशकात टाकीतून नायट्रोजन सोडून हा वायू बाहेर काढण्याची पद्धत बसवली गेली. मऊ पडण्याचं कारण आणखी निराळं. काकडीच्या फुलाकडच्या टोकाशी पेक्टिन, म्हणजे काकडीला घट्टपणा देणारं द्रव्य, विरघळवणारी विकरं (एन्झाइम) असतात, म्हणून ते टोक कापतात. घरगुती पद्धतीत बरणीत द्राक्षाचं पान टाकतात ते याच कारणासाठी, त्यातलं टॅनिन या विकरांना आवर घालतं. कारखान्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात.

खरा फरक पडला 1940च्या दशकात. ताज्या काकड्या व्हिनेगर-मिठाच्या पाण्यात बाटलीबंद करून सुमारे 74 अंश सेल्सियसला 15 मिनिटं पाश्चरीकरण केलं तर त्या शिजून मऊ न होता टिकतात, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी पक्कं केलं. आंबवण्याचे आठवडे वाचले, चव दर बाटलीत तीच राहू लागली. हॅम्बर्गरमध्ये घालायच्या गोल चकत्या कॅफे-कँटीनच्या फळीवर नेहमीच्या झाल्या त्या या काळात.

आता येऊ अ‍ॅटकिन्सला. आर्कान्सा राज्यात, आर्कान्सा नदीच्या खोऱ्यातलं हे लहानसं गाव. महायुद्ध संपल्यावर तिथे पिकलचा कारखाना आला आणि गावाची रोजीरोटी त्याच्याशी बांधली गेली. या कारखान्याजवळ डचेस ड्राइव्ह-इन नावाचं खाण्याचं ठिकाण होतं. तिथे गाडीत बसूनच लोक ऑर्डर द्यायचे. मालक बर्नेल ऑस्टिन, गावात सगळे त्यांना ‘फॅटमॅन’ म्हणत. 1963 मध्ये त्यांनी डिल पिकलच्या चकत्या पिठात घोळवून तळल्या आणि विकायला ठेवल्या: 15 सेंटला 15 चकत्या. शेजारी कारखाना, कामगार येता-जाता खाणारे, माल हाताशी. मला या पदार्थाचा जन्म इतका साधा आहे हेच आवडतं. गावात जे मुबलक होतं ते कढईत पडलं.

पहिलेपणाचा मान मात्र एकट्या अ‍ॅटकिन्सला देता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड ट्रिब्यून या वर्तमानपत्रात 1962च्या नोव्हेंबरमध्येच तळलेल्या पिकलची कृती छापून आली होती. तिच्यात गोड पिकलच्या चकत्या पॅनकेकच्या तयार पिठात बुडवून तळायला सांगितल्या होत्या. मिसिसिपीतल्या हॉलिवूड कॅफेचाही दावा आहे, तो 1969चा. तिथे मांगूरसारखा कॅटफिश मासा तळायचं पीठ रोजच भिजवलेलं असायचं, तेव्हा त्यात पिकल बुडवणं ही फार दूरची उडी नव्हती. भजी तळणाऱ्या कुठल्याही घरात उरलेल्या पिठात काय काय पडतं हे आपण जाणतोच. माझ्या मते कृती कागदावर आधी आली असेल, पण खाण्याची सवय लावली ती अ‍ॅटकिन्सनं. वर्तमानपत्रातली कृती एका दिवसाची असते, ड्राइव्ह-इनच्या पाटीवरचा पदार्थ रोज विकावा लागतो.

पुढे दक्षिणेतल्या माशांच्या खाणावळी, जत्रा, बेसबॉलची मैदानं असा त्याचा प्रवास झाला. सॉनिकसारख्या ड्राइव्ह-इन साखळीनं ‘पिकल-ओज’ नावानं तो विकला. सोबतचं रँच हे बुडवण कॅलिफोर्नियातल्या स्टीव्ह हेन्सन यांचं. सांता बार्बराजवळच्या त्यांच्या हिडन व्हॅली रँचवर 1950च्या दशकात पाहुण्यांना ताक, मेयोनेज आणि पाल्याचं हे मिश्रण सॅलडवर वाढलं जायचं. आंबट-खारट चकतीला गार, दाट काहीतरी लागतंच, त्यामुळे ही जोडी टिकली.

तळण्यात नेमकं काय होतं ते पाहिल्याशिवाय एअर फ्रायरचं महत्त्व कळत नाही. पिकल म्हणजे जवळजवळ पाणीच. पिठात घोळवलेली चकती 180-190 अंशांच्या तेलात पडते तेव्हा चहूबाजूंनी एकाच क्षणी उष्णता लागते. पीठ काही सेकंदांत आवळतं, घट्ट होतं. आतलं पाणी वाफ होऊन जोरानं बाहेर पडत राहतं, आणि ही वाफ बाहेर येत असते तोवर तेल फारसं आत शिरत नाही. तेल शोषलं जातं ते मुख्यतः झाऱ्यानं बाहेर काढल्यावर, थंड होताना. म्हणून काढल्या काढल्या निथळणं महत्त्वाचं.

हवेला हे जमत नाही. 200 अंशांची हवासुद्धा तेलापेक्षा कितीतरी पटींनी संथपणे उष्णता देते. पंख्यानं ती जोरात फिरवली तर पदार्थाभोवती साचलेला दमट, गार थर उडून जातो आणि वेग वाढतो. एअर फ्रायरचं सगळं मर्म या एवढ्या गोष्टीत आहे. कल्पना नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस विल्यम मॅक्सन या अमेरिकन संशोधकानं विमानात गोठवलेली जेवणं गरम करण्यासाठी पंख्याची छोटी भट्टी बनवली होती, तिचं नाव व्हर्लविंड ओव्हन. बेकऱ्यांतल्या आणि हॉटेलांतल्या कन्व्हेक्शन ओव्हनमध्येही पंखाच असतो. पण घराच्या ओट्यावर मावेल असं यंत्र, लहान पोकळी, जाळीची टोपली आणि तळातून वर उसळणारी हवा, ही बांधणी नेदरलँड्सच्या फ्रेड व्हान डर वेइ यांनी घडवली. त्यांना बटाट्याचे फ्राइज तेलाच्या कढईशिवाय कुरकुरीत करायचे होते. फिलिप्स कंपनीनं 2010 मध्ये बर्लिनच्या आयएफए या इलेक्ट्रॉनिक्स आणि घरगुती यंत्रांच्या प्रदर्शनात ‘एअरफ्रायर’ मांडला, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ते नाव सगळ्याच कंपन्यांच्या यंत्रांना लागलं.

बटाटा त्या हवेत चांगला होतो, कारण त्याचा पृष्ठभाग स्टार्चचा आणि बऱ्यापैकी कोरडा असतो. अ‍ॅटकिन्सच्या पद्धतीचं पिकल तिथे टाकलं तर फजिती ठरलेली. सरबरीत पीठ आवळायला तेलाचा तो पहिला क्षणच मिळत नाही. ते जाळीतून खाली गळतं, उरलेलं चिवट होतं, आणि काकडीतून सुटणारं पाणी त्याला आतून भिजवत राहतं. तेव्हा लोक वळले ते मैदा, अंडं आणि ब्रेडचा चुरा या तीन थरांकडे. ही व्हिएन्नाच्या श्निट्झेलची, म्हणजे चुऱ्यात घोळवून तळलेल्या मांसाच्या पातळ कापाची पद्धत. युरोपातलं कटलेट मेइजी काळात (1868-1912) जपानात गेलं आणि तिथे या चुऱ्याचा पांको झाला. पांकोसाठी ब्रेड भट्टीत न भाजता पिठातून वीज सोडून शिजवतात, त्यामुळे त्याला करपट कड येत नाही आणि चुरा बारीक पुडीसारखा न पडता लांबट, हलक्या सालपटांचा पडतो. सालपटांच्या मधल्या फटींतून वाफ निघून जाते आणि आवरण कोरडं राहतं. ज्या प्रश्नाचं उत्तर तेल देत होतं त्याचं उत्तर आता पोकळ चुरा देतो.

कोकणात आणि गोव्यात मासळीला रव्यात घोळवून तव्यावर परततात त्यामागचा विचारही असाच आहे: ओल्या मासोळीवर कोरडा, खरखरीत थर दाबून बसवायचा म्हणजे थोड्या तेलातही तो सुट्टा आणि खुसखुशीत राहतो. म्हणून पांको मिळाला नाही तर जाड रवा आणि थोडं तांदळाचं पीठ पिकलवर छान बसतं. चव अमेरिकेची राहत नाही, पण काम चोख होतं.

यावरून कृतीतल्या तीन गोष्टी का टाळता येत नाहीत ते कळेल. चकत्या कापडात किंवा कागदी रुमालात दाबून चांगल्या पंधरा मिनिटं ठेवायच्या, इतर कशावरही वेळ वाचवा, इथे नको. पांको आधी चमचाभर तेलात मंद आचेवर बदामी परतून घ्यायचा, कारण हवा सुक्या चुऱ्याला सगळीकडे सारखा रंग देऊ शकत नाही आणि रंग यायची वाट बघितली तर आतली काकडी गळून जाते. चकत्या एकावर एक रचायच्या नाहीत, नाहीतर फिरायला हवेला वाट उरत नाही. मग 200 अंशांवर आठ-दहा मिनिटं पुरतात. अंडं न खाणाऱ्या घरात मैदा आणि कॉर्नफ्लोअरची दाट पेस्ट लावावी, मात्र अगदी पातळ थरानं. घरातलं कैरीचं किंवा लिंबाचं लोणचं मात्र इथे वापरू नये. त्यातलं तेल चुरा चिकटू देत नाही आणि मसाला करपतो.

या पदार्थाचा भारताशी एक जिवंत दुवा आहे, आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. पिकलच्या बाटलीत जाणाऱ्या छोट्या काकडीला आपल्याकडे घर्किन म्हणतात. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात तिची करार पद्धतीनं शेती सुरू झाली. मग ती तामिळनाडू, आंध्र आणि तेलंगणात पसरली. वाणिज्य मंत्रालयाच्या आकड्यांनुसार 2020-21 मध्ये काकडी आणि घर्किनची निर्यात 22.3 कोटी डॉलरची होती. सुमारे 90,000 छोटे शेतकरी, 65,000 एकर, साधारण 90 दिवसांचं पीक. तोडणी हातानं, कारण काकडी जितकी लहान तितका भाव जास्त आणि वेलीवर थोडी जास्त राहिली की आकार हातचा जातो. हा माल पिंपांतून आणि बाटल्यांतून युरोप-अमेरिकेत जातो. आपण स्वतः तो फारसा खात नाही. अमेरिकेत राहणारं एखादं मराठी कुटुंब एअर फ्रायरमध्ये पिकल चिप्स लावतं तेव्हा ती काकडी तुमकूर-हासनच्या बाजूची असण्याची शक्यता अगदीच लहान नाही. हिमालयाच्या पायथ्याची वेल जग फिरून आली आणि पुन्हा आपल्याच शेतकऱ्याच्या हातानं परदेशी निघाली, याचा मला मनापासून आनंद वाटतो. त्या शेतकऱ्याचं नाव बाटलीवर कुठेही नसतं, याचं वाईटही वाटतं.

तब्येतीच्या बाजूनं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एअर फ्रायर तेल घटवतो, मीठ नाही. मध्यम आकाराच्या एका डिल पिकलमध्येच 500 मिलिग्रॅमच्या पुढे सोडियम असू शकतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसानं दिवसभरात 2,000 मिलिग्रॅमच्या आत राहावं असं सांगते. वर चुऱ्यात मीठ घालायचं काहीच कारण नाही, बुडवणातही नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी चार-पाच चकत्यांवर थांबावं.

बाटली घेताना लेबल वाचावं. आंबवलेलं, शीतकपाटात ठेवलेलं पिकल सर्वांत कचकचीत असतं आणि उष्णतेतही आकार धरतं. पाश्चरीकरण केलेलं थोडं मऊ असतं, त्याच्या चकत्या अर्धा सेंटिमीटर तरी जाड कापाव्यात. ‘ब्रेड अँड बटर’ नावाच्या पिकलमध्ये साखर असते, त्याचा रंग लवकर चढतो आणि कडा करपतात, तेव्हा तापमान 180 वर आणून दोन मिनिटं आधी बघावं.