पोच आणि मान्यता : चीन-अमेरिका संबंधांतलं एक वाक्य

तैवानवरून खटका उडाला की बीजिंग आणि वॉशिंग्टन दोघंही ‘एक चीन’ म्हणतात, पण दोघांच्या मनातला अर्थ एक नसतो. हा घोळ आजचा नाही. त्याचं मूळ १९७२ साली शांघायमध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन्ही देशांच्या संयुक्त निवेदनातल्या एका वाक्यात आहे.

१ ऑक्टोबर १९४९ रोजी साम्यवादी नेते माओंनी बीजिंगमध्ये लोकप्रजासत्ताकाची घोषणा केली. यादवीत हरलेले राष्ट्रवादी नेते चँग काय-शेक तैवानला गेले आणि अमेरिकेने त्यांच्याच सरकारला साऱ्या चीनचं सरकार मानणं चालू ठेवलं. पुढच्याच वर्षी कोरियात चिनी आणि अमेरिकी सैन्यं समोरासमोर लढली, अमेरिकेचं सातवं आरमार तैवानच्या सामुद्रधुनीत आलं आणि बोलणं संपलं. १९५५ पासून आधी जिनिव्हात, मग वॉर्सात राजदूतांच्या बैठका होत राहिल्या, पण हाती फारसं काही लागलं नाही.

कोंडी फुटली ती मैत्रीमुळे नव्हे, तिसऱ्याच्या भीतीमुळे. मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीवर चिनी आणि सोव्हिएत सैनिकांत गोळीबार झाला. माओंना उत्तरेकडचा शेजारी अमेरिकेपेक्षा धोक्याचा वाटू लागला. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना व्हिएतनाममधून बाहेर पडायचं होतं आणि मॉस्कोवर दबावही हवा होता. त्या डिसेंबरात वॉर्सातल्या एका युगोस्लाव्ह फॅशन शोमध्ये अमेरिकी राजदूत वॉल्टर स्टोसेल चिनी अधिकाऱ्यांच्या मागे अक्षरशः धावले आणि ‘आमच्या अध्यक्षांना बोलायचं आहे’ हा निरोप त्यांनी पोचवला. एप्रिल १९७१ मध्ये जपानातल्या नागोयाच्या स्पर्धेनंतर अमेरिकी टेबल टेनिस संघ चीनला गेला. जगाला दिसली ती ही बाजू.

न दिसलेली बाजू आपल्या फार जवळून गेली. जुलै १९७१ मध्ये निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर दिल्लीत चर्चा करून पाकिस्तानात पोचले, पोटदुखीचं निमित्त केलं आणि ९ तारखेला पहाटे पाकिस्तानी विमानाने गुपचूप बीजिंगला गेले. निरोप्याचं काम पाकिस्तानचे अध्यक्ष याह्या खान करत होते. त्याच वेळी त्यांचं लष्कर पूर्व बंगालात कत्तली करत होतं आणि निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते. वॉशिंग्टनने त्यांना खडसावलं नाही, यामागे हा मार्ग जपण्याची गरजही होती. या भेटीचं कौतुक करताना ही किंमत विसरता कामा नये. या जवळिकीच्या पार्श्वभूमीवर ऑगस्टमध्ये भारताने सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला.

फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन स्वतः चीनला गेले. मतभेद झाकायचे नाहीत, दोघांनी निवेदनात आपापली भूमिका स्वतंत्रपणे लिहायची, अशी पद्धत चिनी पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या आग्रहामुळे आधीच ठरली होती. तैवानचा प्रश्न मात्र त्यानेही सुटेना. शेवटी अमेरिकेने लिहिलं : सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवरचे सगळे चिनी असं मानतात की चीन एकच आहे आणि तैवान त्याचा भाग आहे, याची आम्हाला जाणीव आहे, या भूमिकेला आमचा आक्षेप नाही. तेव्हा चँग यांचाही दावा साऱ्या चीनवर होता, म्हणून ‘दोन्ही तीर’ हे शब्द चालून गेले. तैवानातल्या सामान्य माणसाला कोणी विचारलं नव्हतं.

‘जाणीव आहे’साठी इंग्रजीत वापरलेलं ‘अ‍ॅक्नॉलेज’ (acknowledge) हे क्रियापद आपल्याकडच्या ‘पोच देणे’ यासारखं आहे. पत्राची पोच दिली म्हणून त्यातला मजकूर मान्य केला असं होत नाही. १ जानेवारी १९७९ पासून अध्यक्ष कार्टर यांच्या प्रशासनाने बीजिंगशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, तेव्हाच्या निवेदनात इंग्रजी क्रियापद तेच राहिलं. चिनी मसुद्यात मात्र १९७२ चा ‘जाणणे’ या अर्थाचा शब्द जाऊन ‘मान्य करणे’ या अर्थाचा शब्द आला. अमेरिकेने आपल्यापुरता इंग्रजी मजकूरच प्रमाण धरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकी काँग्रेसने तैवानला बचावाची शस्त्रं पुरवण्याचा कायदा केला. चीन अर्थातच संतापला. १७ ऑगस्ट १९८२ च्या तिसऱ्या निवेदनात अमेरिकेने ही विक्री हळूहळू कमी करण्याचा इरादा नोंदवला, पण ती कधी थांबेल याची तारीख घातली नाही.