आधणाला जाळ, भाताला आर

मुरबाडच्या पुढे एका शेतात आम्ही पहिल्यांदा तंबू ठोकला, त्या रात्री पाच जणांची खिचडी केली. वरून कच्ची, खालून कोळसा. मी दोष आधी तांदळाला दिला, मग टोपाला, मग ज्याने तो टोप आणला होता त्या मित्राला. शेतमालकाची आई बांधावर बसून सगळं बघत होती. ती एवढंच म्हणाली, "आधण आलं ना रे पोरांनो? मग अजून जाळ कशाला घालताय? लाकडं मागं ओढा, आरावर शिजू द्या."

आर म्हणजे निखाऱ्यांचा थर. घरी गॅसचं बटण फिरवलं की मोठी आच, उलटं फिरवलं की मंद. त्यामुळे ठाण्याच्या फ्लॅटात वाढलेल्या माणसाला आग म्हणजे एकच वस्तू वाटते, कमी किंवा जास्त. लाकडाच्या चुलीत मात्र दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि मोठा जाळ म्हणजे चांगली चूल ही समजूत जवळजवळ प्रत्येक कॅम्पवर दिसते.

लाकूड तापलं की आधी त्यातली ओल वाफ होऊन जाते. ओलं लाकूड धूर करत बसतं ते यामुळे. बरीच उष्णता स्वतःलाच वाळवण्यात जाते. पुढे दोन-तीनशे अंशांवर लाकडातून जळाऊ वायू सुटू लागतात. हे वायू हवेत पेटतात, तो जाळ. ते सुटून संपले की उरतो तो बहुतेक कार्बन. तो ज्वाळेशिवाय, नुसत्या पृष्ठभागावर धगधगत राहतो, तो निखारा. जाळाची उष्णता गरम हवेबरोबर वर पळते आणि वाऱ्याच्या झुळकीने वाकडी होते. निखारा जागचा हलत नाही. त्याची धग चहूबाजूंनी सारखी लागते. तलावपाळीवर कणीस भाजणाऱ्याकडे बघा. तो पंख्याने वारा घालतो, पण कणीस जाळात धरत नाही. धरलं तर दाणे बाहेरून काळे होतील आणि आत दूध तसंच राहील.

पाण्याला याची फिकीर नसते. तळाचं पाणी तापून वर जातं, गार पाणी खाली येतं आणि १०० अंशांच्या पुढे काही ते जात नाही. माथेरानच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ८०० मीटरवर, दोन-तीन अंश आधीच उकळतं, एवढाच फरक. म्हणून आधणाला खुशाल जाळ घाला. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ७५ किलोकॅलरी लागतात. पण तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा दहावा-सातवा हिस्साच भांड्याला मिळतो, बाकी आभाळाला. दोन लिटरला पाव-दीड पाव किलो वाळकं लाकूड सहज जातं. झाकण नसेल तर आणखी. ओढ्याचं पाणी प्यायला उकळत असाल तर आधी फडक्यातून गाळा, आणि खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तशीच ठेवा. कडेला बुडबुडे दिसले म्हणजे उकळी नव्हे.

जाळाची एक वाईट खोड म्हणजे काजळी. अर्धवट जळलेला कार्बन गार भांड्याला चिकटतो. टोप चुलीवर ठेवण्याआधी बाहेरून मातीचा पातळ लेप द्या. माती धुतली की काजळीही जाते. आमच्या त्या मित्राने टोप तसाच ठेवला होता, आणि घरी गेल्यावर जे ऐकून घेतलं ते त्याचं त्याला ठाऊक.

भात, खिचडी, पिठलं यांचं गणित वेगळं. पाणी तांदळात शिरलं की टोपात फिरायला काही उरत नाही. तळाला आलेली उष्णता तिथेच साचते आणि अन्न खाली लागतं. म्हणून पाणी भाताच्या पातळीला आलं की जळती लाकडं बाहेर ओढायची, निखारे पसरायचे आणि झाकणावरही चार ठेवायचे. धग किती आहे ते तळहाताने कळतं. टोपाच्या तळाच्या उंचीवर हात धरून मोजा: दोन-तीनला हात मागे घ्यावा लागला तर भाजायची धग, पाच-सहापर्यंत टिकला तर भाताची.

भाकरीला दोन्ही लागतात. तव्यावर असते तोवर खाली जाळ, आणि फुगायला ती चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करायची. जुन्या चुलीला शेजारी वैल असायचा तोही याचसाठी. जाळावर एक भांडं, उरल्यासुरल्या आचेवर दुसरं.

आता पनवेल, पेणकडचा कोणी म्हणेल, मग पोपटीचं, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांचं, काय? खरंय. तिथे उपड्या मडक्याभोवती पालापाचोळा आणि काटक्या रचून चक्क जाळच करतात. पण मधे मातीची भिंत असते, आणि आत भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगांचा ओलावा. जाळ शेंगांपर्यंत पोचतो तो वाफ होऊन.

लाकूडही काम बघून निवडावं. पांगारा, सावर भुर्रकन जळतात. आधणाला चालतील, आर पडत नाही. बाभूळ, खैर, ऐन उशिरा पेटतात पण निखारे टिकवतात. बंद पेरांचा बांबू आगीत फटाक्यासारखा फुटतो. कण्हेर आणि बिब्बा चुलीत नकोच. दोघांचा धूरही बाधतो. ओढ्यातले ओले दगड चुलीला लावू नका, तापल्यावर तडकतात.

जागेचंही सांगतो. येऊर किंवा कर्नाळ्यात चुलीचा विचारही नको. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला किंवा जळती सोडून जायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. मुरबाड, शहापूरकडे कुणाच्या शेतात, मालकाला विचारून, भोवतालचं वाळकं गवत खरवडून मगच काडी ओढा.

जाळाला सगळे भितात, निखाऱ्याला कोणी भीत नाही. थंडीच्या रात्री घमेल्यात चार निखारे घेऊन तंबूत जाणारे मी पाहिलेत. निखाऱ्याला धूर नाही, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला वासही नाही, आणि बंद तंबूत झोपलेला माणूस उठत नाही. विझवतानाही फसगत तीच. जाळ तांब्याभर पाण्याने बसतो. आर राखेखाली सकाळपर्यंत जिवंत राहतो. त्या खिचडीच्या रात्री आम्ही दोन बाटल्या ओतून झोपायला निघालो, तेव्हा आजीने काठीने राख उकरून दाखवली. खाली लाल होतं. आणखी तीन बाटल्या गेल्या, मग तिने राखेवर उलटा हात धरला आणि आम्हाला जा म्हणाली.