लायब्ररी कार्डावर फुकट सिनेमा आणि पुस्तकं, पण मग वेटिंग कशाला?

परवा आमच्या ग्रुपवर एका मैत्रिणीने विचारलं, लायब्ररीच्या ॲपवर एका पुस्तकाला तीन महिने वेटिंग दाखवतंय आणि दुसऱ्या ॲपवर सिनेमा लगेच लागतो, असं का? फाइलच आहे ना, कॉपी करायला कितीसा वेळ लागतो? प्रश्न अगदी योग्य आहे आणि मलाही अमेरिकेत नवीन आले तेव्हा हाच पडला होता. उत्तर द्यायचं तर जरा मागे जावं लागतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

मी सांगलीकडची, आता क्लीव्हलँडजवळ राहते. आपल्याकडे वाचनालय म्हटलं की अनामत भरा, महिन्याची वर्गणी भरा, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. इथे पत्त्याचा पुरावा दाखवला, कार्ड हातात. पैसे नाहीत असं नाही, ते टॅक्समधून जातात. १८३३ साली न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो नावाच्या छोट्याशा गावाने टॅक्सच्या पैशातून सगळ्यांसाठी मोफत ग्रंथालय चालवायला घेतलं, आणि पुढे पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीने अमेरिकेत १,६८९ ग्रंथालयांना इमारतींसाठी पैसे दिले, पण अट अशी की जागा गावाने द्यायची आणि बांधकामाच्या रकमेच्या दहा टक्के दरवर्षी गावानेच चालवण्यासाठी काढायचे. ही अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण इमारत दानात मिळते पण रोजचा खर्च कोणीतरी उचलावाच लागतो, आणि आजच्या ॲपच्या भानगडीतही मूळ प्रश्न तोच आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सयाजीराव गायकवाड अमेरिकेत आले होते, इथली ग्रंथालयं त्यांनी बघितली आणि १९१० मध्ये न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना थेट बडोद्याला बोलावून घेतलं. बॉर्डन तिथे तीन वर्षं होते. गावोगावी मोफत ग्रंथालयं, पुस्तकांच्या पेट्या घेऊन फिरणारी ग्रंथालयं हे तर झालंच, पण त्या खात्याची एक शाखा मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवणारा दिवा) आणि सिनेमाचं यंत्र घेऊन खेड्यांत फुकट खेळ करायची, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी! म्हणजे ग्रंथालयाने फुकट सिनेमा दाखवायचा ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी आपल्या महाराजांच्या राज्यात चालू होती. मला हे वाचून खरंच अभिमान वाटला.

आता वेटिंगकडे येते. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात एक केस झाली. एका प्रकाशकाने कादंबरीत छापलं होतं की एक डॉलरच्या खाली विकायची नाही, आणि न्यूयॉर्कचं मेसीज दुकान ती ८९ सेंटला विकत होतं. कोर्ट म्हणालं, पुस्तक एकदा विकलंत की त्या प्रतीवरचा तुमचा ताबा संपला. ग्रंथालयं इतकी वर्षं पुस्तकं, कॅसेटी, डीव्हीडी कुणालाही न विचारता देतात ती याच तत्त्वाच्या जोरावर. विकत घेतली, शिक्का मारला, फाटेपर्यंत द्या.

पण लायब्ररीला ईबुक विकतच मिळत नाही, लायसन्स मिळतं, म्हणजे अटींवर वापरायची परवानगी. सगळी गोम इथेच आहे.

लायब्रऱ्यांना ईबुकं पुरवणारी ओव्हरड्राइव्ह ही कंपनी १९८६ ची, आमच्या क्लीव्हलँडचीच, आधी पुस्तकं फ्लॉपीवर आणि सीडीवर चढवून द्यायची. २००३ मध्ये क्लीव्हलँड पब्लिक लायब्ररीने त्यांच्यामार्फत ईबुकं द्यायला सुरुवात केली. तेव्हाचं डाउनलोड म्हणजे दिव्यच होतं, आधी कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाका, मग अकाउंट उघडा, मग फाइल उतरवा, मग केबल लावून रीडरमध्ये ढकला, आणि ऑडिओबुक असलं तर ते विंडोजच्या कुलूपबंद फॉरमॅटमध्ये, म्हणजे खिशात आयपॉड असेल तर बसा हात चोळत, एमपीथ्री यायला २००८ उजाडलं. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ईबुक रीडरवर, लायब्ररीची पुस्तकं यायला २०११ चा सप्टेंबर उजाडला आणि ओव्हरड्राइव्हचं लिबी ॲप आलं २०१७ मध्ये. आज आई इथे आली की स्वतः मोबाइलवर दोनदा टॅप करून पुस्तक घेते, तेव्हा मला ती केबल आठवते.

नियम मात्र जुनाच राहिला, एक प्रत एक वाचक. लायब्ररीने पाच लायसन्स घेतली तर एका वेळी पाचच जण वाचणार, बाकीचे होल्डवर, म्हणजे रांगेत. वर त्या लायसन्सला एक्सपायरी. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने ठरवलं की ईबुक २६ वेळा दिलं की संपलं, लायब्ररीने परत पैसे भरायचे. दोन आठवड्यांचा एक फेरा धरला तर बरोबर एक वर्ष. ग्रंथपाल भयंकर चिडले होते, आणि का चिडू नयेत, चांगल्या बांधणीचं पुस्तक २६ वाचकांत मरत नाही हे कुठल्याही वाचनालयातला माणूस सांगेल. २०१९ च्या नोव्हेंबरात मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशकाने तर नवीन पुस्तकाची पहिले आठ आठवडे अख्ख्या लायब्ररी सिस्टिमला (म्हणजे सगळ्या शाखांना मिळून) एकच ईबुक प्रत देणार असं सुरू केलं, मोठमोठ्या लायब्ऱ्यांनी बहिष्कार टाकला, आणि मार्च २०२० मध्ये कोविड आल्यावर ते मागे घेतलं.

मग सिनेमा लगेच कसा लागतो? तिथे हिशोब वेगळा आहे. हूपला हे सिनेमाचं ॲप २०१३ मध्ये आलं, लायब्ऱ्यांना डीव्हीडी पुरवणाऱ्या मिडवेस्ट टेप कंपनीचं. तिथे प्रत नसतेच, तुम्ही बॉरो दाबलं की त्या वेळची फी लायब्ररीच्या खात्यातून जाते. म्हणून वेटिंग नाही, पण महिन्याला मर्यादा आहे. त्याआधी २०१० मध्ये लायब्ररी कार्डावर गाणी देणारं फ्रीगल आलं होतं, त्यात आठवड्याला ठराविक गाणी उतरवायची आणि ती कायमची आपली.

सिनेमाचं दुसरं ॲप कॅनोपी, मूळ ऑस्ट्रेलियातलं, २००८ चं, आधी युनिव्हर्सिट्यांना डीव्हीडी विकायचे, मग स्ट्रीमिंगमध्ये आले आणि नंतर पब्लिक लायब्रऱ्यांत. लोकांना इतकं आवडलं की बिलं वाढत गेली, कारण बघणारा जितका जास्त तितका खर्च जास्त. १ जुलै २०१९ पासून न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्स या तिन्ही लायब्ररी सिस्टिमनी ते बंद केलं. लोक हळहळले, पण त्याच पैशात पुस्तकं घ्यायची की सिनेमे दाखवायचे हे त्यांना ठरवावं लागलं. २०२१ मध्ये ओव्हरड्राइव्हनेच कॅनोपी विकत घेतलं.

इंटरनेट अर्काइव्ह या ना-नफा ऑनलाइन ग्रंथालयाने वेगळी वाट धरली होती, छापील पुस्तक स्कॅन करायचं आणि जितक्या प्रती हातात तितक्याच उसन्या द्यायच्या. मार्च २०२० मध्ये त्यांनी ही मर्यादा काही काळ काढून टाकली, जूनमध्ये चार मोठ्या प्रकाशकांनी केस ठोकली, आणि २०२३ मध्ये आणि परत २०२४ मध्ये अपिलात अर्काइव्ह हरलं. माझं मत विचाराल तर एका प्रतीला एकच वाचक ही त्यांची मूळ पद्धत न्याय्य होती, पण कोर्टाला ती पटली नाही.

कॉपीराइट संपलेली पुस्तकं मात्र तिथे मोकळी आहेत, आणि आपल्या कामाचं तेच आहे. लिबीवर मला मराठी शोधून शोधून फारसं काही हाती लागत नाही, पण डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या भारतातल्या प्रकल्पाने स्कॅन केलेली जुनी मराठी पुस्तकं अर्काइव्हवर ढिगाने आहेत, ना होल्ड ना मर्यादा. गेल्या उन्हाळ्यात बाबा इथे होते, डायनिंग टेबलवर टॅब्लेट उभा करून असंच एक पुस्तक वाचत होते. मध्येच मला हाक मारली, इकडे ये, हे बघ. पहिल्या पानावर कुठल्या तरी वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का, निम्मा पुसलेला, आणि खाली शाईच्या पेनाने लिहिलेला दाखल क्रमांक. बाबा बोटांनी पान मोठं करून ते गावाचं नाव लावायचा प्रयत्न करत होते.