मुंगी मेली, आणि हजार गुण

नुकतं चालायला लागलेलं मूल धपकन पडतं. लगेच रडत नाही, आधी आजीकडे बघतं. आजी "अगं बाई, लागलं का गं!" म्हणाली की भोकाड. "मुंगी मेली बघ!" म्हणाली की स्वारी उठून मुंगी शोधायला लागते. किती लागलंय हे मूल स्वतःच्या गुडघ्याला नाही, आजीच्या चेहऱ्याला विचारतं.

१९९७ साली आलेला 'लाइफ इज ब्यूटीफुल' हा इटालियन चित्रपट असल्याच एका 'मुंगी मेली'वर उभा आहे. नाझी छळछावणीत आणलेला ग्वीदो आपल्या चार-पाच वर्षांच्या मुलाला, जोझुएला, सांगतो, की हा खेळ आहे. आधी हजार गुण करेल त्याला खराखुरा रणगाडा! रडलास, आई हवी म्हणालास किंवा खाऊ मागितलास, की गुण गेले. जर्मन शिपाई बराकीत येऊन दरडावतो, आणि जर्मनचा गंध नसलेला ग्वीदो त्याचा 'अनुवाद' म्हणून खेळाचे नियम ठोकून देतो. आपण हसतो. पण एवढ्या भयात मूल खरंच फसेल?

१९८५ साली मानसशास्त्रज्ञ जेम्स सोर्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. काचेचं टेबल. अर्ध्या भागात चौकटीचं कापड काचेला लागून, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड सुमारे ३० सेंटिमीटर खाली. वर्षभराचं बाळ रांगत येतं आणि पुढे जमीन खचल्यासारखं दिसतं. पलीकडे आई. तिने बोलायचं नाही, फक्त चेहरा करायचा. आई हसली तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही नाही. मानसशास्त्रात याला 'सोशल रेफरन्सिंग' म्हणतात.

यात एक मेख आहे. ३० सेंटिमीटर मुद्दामच निवडलेले होते : धड खोल नाही, धड उथळ नाही. कापड सपाट ठेवलं तेव्हा बाळांनी आईकडे फारसं पाहिलंच नाही. शंका असते तेव्हाच चेहरा वाचला जातो.

जवळचं माणूस शरीरालाही धीर देतं. सव्वा-दीड वर्षाच्या मुलांना लस टोचताना त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं गेलं. बुजऱ्या स्वभावाच्या मुलांपैकी ज्यांचं आईशी विश्वासाचं नातं होतं, त्यांच्यात ते कमी चढलं. रडणं वेगळं, आतली घालमेल वेगळी. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना तिथे पाळणाघरं चालवणाऱ्या ॲना फ्रॉइड यांनीही हेच टिपलं होतं, की आई शांत असेल तर मूल बॉम्बहल्लासुद्धा बऱ्यापैकी पचवतं.

तेव्हा ग्वीदोच्या युक्तीला आधार आहे. पण छावणी म्हणजे ३० सेंटिमीटरची शंका नव्हे. भूक आणि थंडी कुठल्याच चेहऱ्याला विचारावी लागत नाही. शिवाय चित्रपटाने घेतलेली मोठी सूट वेगळीच आहे. ऑशविट्झला पोचलेली जोझुएच्या वयाची बहुतेक ज्यू मुलं पहिल्याच निवडीत (कोणाला कामाला ठेवायचं, कोणाला मारायचं) गॅस चेंबरकडे धाडली गेली. नाझींनी मारलेल्या ज्यू मुलांची संख्या सुमारे १५ लाख आहे. बापाला नाटक करायला वेळच मिळायचा नाही.

आणि ज्यांना बघायला चेहराच नव्हता, त्यांचं? १९४५ साली टेरेझिन या नाझी छावणीतून वाचलेली सहा मुलं इंग्लंडला आणली गेली. वय तीनच्या आसपास, तीन मुलगे, तीन मुली. आईबाप मारले गेलेले. मुलं तान्ही असतानाच छावणीत आलेली. ससेक्समधल्या 'बुलडॉग्ज बँक' नावाच्या घरात ती वर्षभर राहिली. ॲना फ्रॉइड आणि सोफी डॅन यांनी १९५१ साली त्यांच्यावर निबंध लिहिला, तो मला चित्रपटापेक्षा जास्त हलवून जातो. मुलांनी खेळणी मोडली, मोठ्यांना चावे घेतले, थुंकली. मोठ्या माणसांचा चेहरा त्यांच्या लेखी काहीच सांगत नव्हता. पण एकमेकांपासून क्षणभरही दूर व्हायला तयार नव्हती. एकाला फिरायला न्यायचं तर सहाही जणांना न्यावं लागे. जेवताना आपल्या ताटापेक्षा शेजारच्याला मिळालं का, याची काळजी जास्त.

निबंधात एक नोंद आहे. केक संपला म्हणून एक मुलगा रडायला लागतो. दोन मुली आपल्याकडचा उरलेला तुकडा त्याच्यापुढे करतात. तो खातो आणि त्या त्याला थोपटत, आपण काय काय दिलं ते समाधानाने सांगत राहतात.