कुमारवयातील नशा : शरीर, मेंदू आणि सोलापूर

कुमारवयातील नशा : साधारण १० ते १९ या वयात तंबाखू, दारू, गांजा, हुंगायची रसायने, झोपेच्या व वेदनाशामक गोळ्या आणि मेफेड्रोनसारखी उत्तेजके यांचे सेवन, आणि त्यातून वाढत्या शरीरात व मेंदूत होणारे बदल. यामागचे शरीरशास्त्र सगळीकडे एकच आहे. मुलाच्या हाती आधी काय पडते, हे मात्र गावावर ठरते. म्हणून येथे उदाहरणे सोलापूर शहर व परिसरातली घेतली आहेत. सोलापूरच्या बातम्यांत ‘एमडी’चे, म्हणजे मेफेड्रोनचे, कारखाने गाजतात. शाळकरी मुलाची सुरुवात बहुधा मावा, बिडी किंवा व्हाइटनर यांनी होते, आणि मेंदूच्या दृष्टीने ही सुरुवात किरकोळ नसते.

मेंदूचे वय

सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचे आकारमान प्रौढाच्या सुमारे नव्वद टक्के झालेले असते. पुढची पंधरा-वीस वर्षे वाढीपेक्षा डागडुजीची असतात. न वापरलेले चेतापेशींचे जोड छाटले जातात, वापरातल्या तंतूंवर मायलिनचे वेष्टन चढते आणि संदेश वेगाने धावू लागतात. हे काम डोक्याच्या मागच्या भागाकडून पुढे सरकते. कपाळामागचा भाग, म्हणजे ‘थांब, विचार कर’ असे सांगणारा, सर्वांत शेवटी, विशीच्या मध्यावर पूर्ण होतो. सुखाची ओढ लावणारी खोलवरची केंद्रे मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षीच जोरात असतात. मधली दहा वर्षे ही तफावत राहते.

अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कुमार, तरुण आणि प्रौढ अशा तीन गटांना गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ खेळायला दिला होता. एकटे असताना तिन्ही गटांचे वागणे फार वेगळे नव्हते. मित्र बघत उभे राहिले, तेव्हा कुमारवयीनांनी घेतलेले धोके जवळपास दुप्पट झाले. प्रौढांमध्ये फरक पडला नाही. पहिली पुडी किंवा पहिला झुरका जवळजवळ नेहमी टोळक्यातच का घेतला जातो, याचा बराचसा उलगडा यातून होतो.

नशेचा प्रत्येक पदार्थ वेगळ्या वाटेने शिरला, तरी सुखकेंद्रात डोपामिन हे संदेशवाहक रसायन वाढवतो. जेवण किंवा खेळ यांतूनही ते वाढते, पण मर्यादेत. नशेचा लोंढा वारंवार आला, की पेशी डोपामिनचे ग्राही, म्हणजे ते टिपणारे रेणू, कमी करतात. मग त्याच मात्रेने पूर्वीची झिंग येत नाही आणि क्रिकेट, अभ्यास, घरचे सण हे सगळे फिके वाटू लागते. दुसरा बदल आठवणीचा. ज्या टपरीवर, ज्या मित्राबरोबर, ज्या वेळी नशा झाली त्या खुणा सुखाशी बांधल्या जातात. कुमारवयात मेंदू शिकायला सर्वांत तयार असतो, म्हणून तो व्यसनही चटकन शिकतो. पंधराव्या वर्षाआधी दारू सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे चाळीस टक्के लोक पुढे कधी ना कधी दारूच्या आहारी गेल्याचे अमेरिकी पाहणीत दिसले. विशीत सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. यात घरच्या परिस्थितीचा वाटाही असणारच, पण फरक डोळ्यांआड करण्यासारखा नाही.

मावा, बिडी, मिश्री

मावा टपरीवर प्लॅस्टिकच्या कागदावर घोटला जातो : बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. यातला चुना चवीपुरता नसतो. तो मिश्रण अल्कधर्मी करतो, त्यामुळे निकोटिन मोकळ्या रूपात येते आणि गालाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात उतरते. बिडीच्या धुरातले निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. माव्याला काही मिनिटे लागतात, पण पुडी तोंडात असेपर्यंत पुरवठा चालू राहतो. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते. सकाळी पुडी खाऊन वर्गात बसलेला मुलगा मधल्या सुट्टीआधीच चुळबुळू लागतो, त्याचे लक्ष उडते आणि तो चिडतो. शिक्षक त्याला खोडकर म्हणतात. प्रत्यक्षात ती तलफ असते.

सुपारीचे नुकसान वेगळे आणि अधिक हट्टी. तिच्यातल्या अरेकोलीनमुळे तोंडाच्या आतल्या त्वचेखाली तंतू साचतात, त्वचा पांढुरकी व ताठ होते आणि तोंड आखडत जाते. पहिली खूण जेवताना कळते : शेंगाचटणी आणि कडक भाकरी आयुष्यभर खाल्लेल्या मुलाला अचानक तिखट झोंबू लागते. तपासणी घरी होते. मुलाने स्वतःची तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, उभी एकावर एक ठेवून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. तीन मावत नसतील, तर दंतवैद्याकडे न्यावे. दोनच मावत असतील, तर आजार बराच पुढे गेला आहे. सुपारी सोडल्यावर वाढ थांबू शकते, आधी साचलेले तंतू सहसा जात नाहीत, आणि कर्करोगाचा धोका उरतोच. ‘मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ हा बचाव इथे चालत नाही.

सोलापूर विडी उद्योगाचे मोठे केंद्र आहे. हजारो स्त्रिया घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात आणि मुले त्याच खोलीत अभ्यास करतात, झोपतात. तंबाखूची धूळ श्वासातून जाते, हाताला लागलेले निकोटिन कातडीतून काही प्रमाणात शोषले जाते. यातून प्रत्येक मूल व्यसनी होते असे नव्हे, पण ज्या घरात तंबाखू पोटापाण्याचे साधन आहे, तिथे ‘विष’ म्हणून तिची ओळख करून देणे अवघड जाते, हे व्यसनमुक्तीवर बोलणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. दातांना लावायची मिश्री ही भाजलेली तंबाखूच; मुलींमध्ये व्यसनाची सुरुवात पुष्कळदा तिथून होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे.

व्हाइटनर आणि सोल्युशन

व्हाइटनरचा पातळ द्रव, पंक्चरचे सोल्युशन, चिकटवायचे गोंद यांत टोल्यूईनसारखी द्रावके असतात. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत हुंगायच्या रसायनांचे प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के आढळले. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असलेला हा एकच प्रकार. कारण उघड आहे : स्वस्त, स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा आणि दप्तरात संशय न येणारा.

वाफ फुप्फुसातून काही सेकंदांत मेंदूत जाते; झिंग दारूसारखी, पण पंधरा मिनिटांत ओसरते, म्हणून मूल पुन्हापुन्हा हुंगते. द्रावके चरबीत विरघळतात आणि मायलिन हे मुख्यतः चरबीचेच वेष्टन. महिनोन्‌महिने हुंगणाऱ्यांत चाल अडखळते, हात कापतो, बोलणे जड होते. टोल्यूईनमुळे मूत्रपिंडातून पोटॅशियम निघून जाते आणि एखाद्या सकाळी मुलाला पायच उचलता येत नाहीत. घरचे याला ‘वारा गेला’ समजतात.

सर्वांत मोठा धोका हृदयाचा आहे. द्रावकामुळे हृदयाचे स्नायू भीतीत व धावपळीत स्रवणाऱ्या ॲड्रिनलिनला अतिसंवेदनशील होतात. अशा वेळी दचकणे, पळणे, मारामारी यांनी ठोके बिघडून मूल जागीच कोसळू शकते. हे पहिल्या वेळीही घडते. म्हणून स्टेशनच्या आवारात किंवा शाळेमागे मुले हुंगताना दिसली, तर ओरडून पाठलाग करू नये. शांतपणे जवळ जावे, बाटली व रुमाल बाजूला करावा, मोकळ्या हवेत बसवावे.

दारू आणि शिंदी

४२.८ टक्क्यांच्या दारूच्या ३० मिलिलिटर पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. ८ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेग. ‘फक्त एक बिअर’ हा हिशेब मुलांचा इथेच चुकतो. प्रौढ यकृत तासाला सात-आठ ग्रॅम निकाली काढते. लिंबू, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. कमी वयात यकृतातला साखरेचा साठा लहान असल्याने रक्तशर्करा घसरून झटका येऊ शकतो. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसते, की कुमारवयात दारूने झोप कमी येते, पण स्मरणशक्तीचे केंद्र जास्त बधिर होते : गडी जागा असतो, पीत राहतो, आणि सकाळी काहीच आठवत नाही.

ताज्या ताडीत किंवा शिंदीत अल्कोहोल थोडेच असते. शेजारच्या तेलंगणात तिच्यात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलम अशी गुंगीची औषधे मिसळल्याची प्रकरणे वर्षानुवर्षे उघडकीस येत आली आहेत, आणि भेसळ सीमा पाहून थांबत नाही. अशी ताडी अचानक बंद झाली, की दोन-तीन दिवसांत कंप, भ्रम, फिट असा त्रास होतो. हातभट्टीत औद्योगिक स्पिरिट मिसळले गेले, तर त्यातल्या मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते. हा परिणाम बारा ते चोवीस तासांनी दिसतो. डोळ्यांपुढे धुके आल्याची तक्रार असेल, तर एक तासही दवडू नये. हातभट्टी गाळणाऱ्या कुटुंबांना दुसरा रोजगार देण्यासाठी सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले होते.

गांजा

गांजातील टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, मेंदूतल्या आनंदामाइड या नैसर्गिक द्रव्याची जागा घेते. हेच द्रव्य कुमारवयात जोडांची छाटणी सांभाळते, म्हणून त्यात ढवळाढवळ होणे प्रौढापेक्षा महाग पडते. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे जन्मापासून पाहणीत असलेल्या गटात, कुमारवयात सुरुवात करून वर्षानुवर्षे गांजा ओढणाऱ्यांचा बुद्ध्यंक सरासरी आठ गुणांनी घटल्याचे २०१२ मध्ये मांडले गेले. नंतरच्या जुळ्या भावंडांवरील अभ्यासांनी याचे श्रेय निव्वळ गांजाला देण्यावर शंका घेतली. वाद नसलेली गोष्ट अशी, की घरात मनोविकाराचा इतिहास असेल तर संशय, भास यांचा आजार लवकर उफाळतो. रोज ओढणाऱ्या काहींना वारंवार उलट्या होतात आणि फक्त गरम पाण्याच्या आंघोळीने बरे वाटते. पोटाच्या तपासण्यांत काही सापडत नाही.

गोळ्या, सिरप, एमडी

अल्प्राझोलम, नायट्राझेपाम या झोपेच्या गोळ्या एकट्या सहसा जीव घेत नाहीत. दारूबरोबर किंवा कोडिन असलेल्या खोकल्याच्या सिरपबरोबर घेतल्या, की श्वासाचे केंद्र मंदावते. कोडिनचे यकृतात मॉर्फिन होते, आणि किती होते हे अनुवंशावर ठरते. एकाच बाटलीतून प्यायलेल्या दोघांपैकी एक हसत असतो आणि दुसऱ्याचा श्वास अडकतो. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाने फिट येऊ शकते. व्यायामशाळांत ‘स्टॅमिना’साठी विकले जाणारे मेफेंटरमिनचे इंजेक्शन हे शस्त्रक्रियेत रक्तदाब टिकवायचे औषध आहे, निरोगी मुलात ते रक्तदाब भलताच चढवते आणि सततच्या वापराने संशयी वेडही लागते.

मेफेड्रोन, म्हणजेच एमडी, फेब्रुवारी २०१५ पासून एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. ते डोपामिन आणि सेरोटोनिन दोन्हींचा साठा पेशीबाहेर ढकलते. परिणाम दोन-तीन तासांत उतरतो आणि लगेच पुढच्या मात्रेची ओढ लागते, त्यामुळे मुले रात्रभर घेत राहतात. दात आवळणे, नाकातून रक्त, धडधड, दोन दिवस झोप नाही आणि मग खोल खिन्नता, हा क्रम ठरलेला. शरीराचे तापमान वाढते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जाणाऱ्या सोलापुरात उष्माघाताची वाट यामुळे फार जवळची होते. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी अमली पदार्थ बनवायला वापरल्या जाणाऱ्या इफेड्रिनचा मोठा साठा पकडला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी मेफेड्रोनचे उत्पादन उघड केले. रसायन उद्योग असलेल्या गावाला हा धोका राहतोच.

ओळख, तातडीची मदत, उपचार

बोटांवर पांढरे डाग आणि कपड्यांना थिनरचा वास व्हाइटनर सांगतो. डोळ्यांच्या टाचणीएवढ्या बाहुल्या सिरप किंवा अफूजन्य औषध. मोठ्या बाहुल्या आणि वजन घटणे एमडी. मूत्रतपासणीच्या बाजारातल्या किटवर विसंबू नये. एकदा ओढलेला गांजा सुमारे तीन दिवस, रोजचा महिनाभरही दिसतो. मात्र साध्या किटमध्ये व्हाइटनर मुळीच आणि मेफेड्रोन बहुधा सापडत नाही. ‘रिपोर्ट निगेटिव्ह’ आल्यावर घरचे निर्धास्त होतात ते इथेच.

बेशुद्ध मुलाला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, मिठाचे पाणी देऊन उलटी करवू नये. घोरण्यासारखा घरघर आवाज ही झोप नसून अडलेला श्वास असतो. मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास किंवा निळे ओठ दिसताच १०८ ला फोन करावा आणि गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे. अफूजन्य औषध असेल, तर नॅलोक्सोन या उताऱ्याच्या औषधाने श्वास परत येतो. शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न शासकीय रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलमध्ये, अशी तातडीची मदत आणि मनोविकार विभाग दोन्ही आहेत. फोनवर सल्ल्यासाठी व्यसनमुक्ती १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६.

निकोटिनची तलफ सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते आणि तीन-चार आठवड्यांत निवळते. गांजा सोडल्यावर दोन आठवडे झोप उडते. हे आधी सांगितले, तर मूल घाबरून परत वळत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू मात्र रोजची असेल तर घरी एकदम बंद करू नये, फिट येते. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीत उतरवावी लागते.

कायद्यात शाळेपासून १०० यार्डांच्या आत आणि १८ वर्षांखालील कोणालाही तंबाखू विकता येत नाही. मुलाला दारू, तंबाखू वा अमली पदार्थ देणाऱ्यास बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुष्कळ पालक पोलीस केस आणि पुढच्या नोकरीच्या धास्तीने उपचार टाळतात. एनडीपीएसचे कलम ६४ अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अल्प प्रमाणातील सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देते, आणि अठराखालील मुलाचे प्रकरण नेहमीच्या तुरुंगाकडे न जाता बाल न्याय मंडळासमोर चालते.